नवा फोन नक्की कुणाला पाहिजे?

आवाज नीट यावा म्हणून पंखा बंद करून, कात्रजच्या घरातून घाम पुसत पुसत रेकॉर्ड करतोय. त्यामुळे एपिसोड फार लांबवणार नाही.

गेले काही दिवस मेसेजमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "दादा, फोन तीन-चार वर्षांचा झालाय. सेल लागलाय. बदलू का?" आता मी काही फोन रिव्ह्यू करत नाही. बीटेक केलं, सॉफ्टवेअरमध्ये लागलो, आणि ऑफिसात माझं निम्मं काम म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आठ वर्षांपूर्वी लिहिलेला कोड चालू ठेवणं. पण त्यामुळे एक सवय लागलीये. काहीतरी अडलं की आधी नेमकं काय अडलंय ते शोधायचं, मग बदलायचं का ते ठरवायचं. आज तेच फोनबाबत करू.

आमच्या घरात सध्या हाच विषय चालू होता. माझा फोन २०२२ च्या दिवाळीतला. बाबांचा त्याच्याही आधीचा, २०१८ चा. म्हणजे मी आधी वापरत होतो तोच. मॉडेलची नावं सांगत नाही, कारण मुद्दा ब्रँडचा नाहीये. बजेट एकाच नव्या फोनचं होतं. तो कुणाला घ्यायचा, यावर शेवटी काय ठरलं ते सांगतोच, पण आधी थोडा अभ्यास.

"स्लो झालाय" म्हणजे काय झालंय?

आपण सगळे म्हणतो, फोन स्लो झालाय. पण या एका वाक्यात तीन वेगवेगळे आजार असतात आणि तिघांचं औषध वेगळं असतं.

पहिला आजार बॅटरीचा. मी कात्रजहून हिंजवडीला जातो. सकाळी आठला शंभर टक्के. नवले पुलाच्या ट्रॅफिकमध्ये मॅप चालू, मग गाणी, दिवसभर हॉटस्पॉट, आणि परतताना चांदणी चौक यायच्या आत पंधरा टक्के. पूर्वी ही फक्त चिडचिड होती. आता तसं नाही. पीएमपीचं तिकीट यूपीआयने काढायचं, रिक्षाचे पैसे यूपीआयने द्यायचे. फोन बंद पडला की खिशात पैसे असूनही नसल्यासारखे.

लिथियम-आयन बॅटरी झिजते, ते काही फॉल्ट म्हणून नाही, तिची केमिस्ट्रीच तशी आहे. आज पन्नास टक्के वापरली, उद्या पन्नास टक्के वापरली, की एक सायकल पूर्ण झाली. ॲपल स्वतः सांगतं की आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० सायकलनंतर ८० टक्के क्षमता राखतील अशा बनवल्यात, आणि आयफोन १५ पासून तो आकडा १,००० केलाय. म्हणजे रोज एक सायकल धरली तर ५०० दिवस. दीड वर्षापेक्षा थोडं कमीच! आणि आपण फोन चार वर्षं वापरतो. मग चौथ्या वर्षी तो संध्याकाळपर्यंत टिकत नाही यात नवल काय?

आता यातली गंमत बघा. बॅटरी म्हातारी झाली की फोन नुसता लवकर उतरत नाही, तो हळूही होऊ शकतो. प्रोसेसरला एकदम जास्त करंट लागतो, थकलेली बॅटरी तो देऊ शकत नाही, आणि फोन फटकन बंद पडतो. हे टाळण्यासाठी ॲपलने काही जुन्या आयफोनमध्ये सॉफ्टवेअरनेच वेग कमी केला होता. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी ते मान्य केलं. जगभर बोंबाबोंब झाली. मग कंपनीने अमेरिकेत बॅटरी बदलायचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला, आणि २०१८ हे अख्खं वर्ष लोकांनी बॅटऱ्या बदलून घेतल्या.

पुढे काय झालं? जानेवारी २०१९ मध्ये टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहिलं, की आयफोनची विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाली. त्यात बरीच कारणं दिली होती, चीनची बाजारपेठ वगैरे. पण एक कारण हेही होतं की लोकांनी स्वस्तात बॅटऱ्या बदलून घेतल्या. थोडक्यात, बॅटरी नवी मिळाल्यावर भरपूर लोकांना नवीन फोनची गरजच वाटली नाही. यापेक्षा मोठा पुरावा मी काय देणार?

दुसरा आजार स्टोरेजचा. आईच्या फोनवर एकदा व्हॉट्सॲपची 'मॅनेज स्टोरेज'ची स्क्रीन उघडून बघा. गुड मॉर्निंग, वाढदिवस, बारशाचे व्हिडिओ, सगळं मिळून वीस-पंचवीस जीबी. फोनचं स्टोरेज काठोकाठ भरलं की नवीन काही लिहायला त्याला आतल्या आत सामान हलवावं लागतं आणि सगळंच रखडतं. पंधरा-वीस टक्के जागा रिकामी ठेवा. फोटो दुसरीकडे कॉपी करा, नको ती ॲप काढा. एवढ्याने नाही सुधारलं तर बॅकअप घेऊन फॅक्टरी रिसेट. खर्च शून्य, एक रविवार दुपार जाते.

तिसरा आजार वरून दिसत नाही. म्हणूनच तो महत्त्वाचा.

न दिसणारी तारीख

आता ऐकता ऐकताच करा. सेटिंग्जमध्ये जा, 'अबाउट फोन', मग 'अँड्रॉइड व्हर्जन'. तिथे सिक्युरिटी पॅच किंवा सिक्युरिटी अपडेट असं लिहून पुढे एक तारीख दिसेल. काही फोनमध्ये हे 'सिक्युरिटी' नावाच्या वेगळ्या मेनूत असतं. गेल्या दोन-तीन महिन्यांतली तारीख असेल तर उत्तम. दीड-दोन वर्षांपूर्वीची असेल, तर तुमच्या फोनसाठी कंपनीने दुकान बंद केलंय.

गूगल २०१५ पासून दर महिन्याला अँड्रॉइडमधल्या सापडलेल्या त्रुटींची यादी आणि त्यांची दुरुस्ती जाहीर करतं. ही यादी सगळ्यांसाठी उघडी असते. चांगल्या लोकांसाठी आणि चोरांसाठीसुद्धा! ज्याच्या फोनमध्ये दुरुस्ती पोचली नाही, त्याच्या घराचं कुठलं कुलूप कच्चं आहे ते छापून आल्यासारखं झालं.

उगाच घाबरवायचं नाहीये. पॅच थांबला म्हणजे उद्या सकाळी खातं रिकामं होतं असं काही नाही. प्ले स्टोअरवरून ॲप अपडेट होत राहतात, ब्राउझर अपडेट होत राहतो. बरंचसं संरक्षण तिथून मिळतं. पण तेही एक दिवस थांबतं. क्रोमने २०२५ मध्ये अँड्रॉइड ८ आणि ९ ला रामराम केला. आता नवीन क्रोमला किमान अँड्रॉइड १० लागतं. व्हॉट्सॲपने मे २०२५ पासून आयफोनवर किमान आयओएस १५.१ लागेल असं केलं. म्हणजे आधी फोनची कंपनी हात काढते, मग एकेक ॲप हात काढतं.

बाबांच्या फोनवर अँड्रॉइड ९ आहे. इथे माझा अभ्यास थांबला आणि काळजी सुरू झाली.

बाबांचा फोन

बाबांचं सुखसागरनगरला छोटं स्टेशनरीचं दुकान आहे. वह्या, झेरॉक्स, पेन, मुलांचे प्रोजेक्टचे कागद. दुकानाचं बँक खातं त्याच फोनवर, होलसेलवाल्याचे पैसे त्याच फोनवरून, गॅसचं बुकिंग, विम्याचे हप्ते, सगळं त्याच्यावरच. माझ्या फोनमधून पगार येतो आणि जातो. त्यांच्या फोनमधून घर चालतं.

मध्यंतरी त्यांना व्हॉट्सॲपवर मेसेज आला. तुमच्या गाडीचं चलान थकलंय, सोबतची फाइल उघडून तपशील बघा. फाइल एपीके होती. बाबांनी उघडली नाही. मला फोन केला, "अरे, ही पावती उघडतच नाहीये बहुतेक, तू बघतोस का?" मी म्हटलं, "बाबा, हात लावू नका. डिलीट करा आणि तो नंबर ब्लॉक करा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एपीके म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेलं ॲप. चलान, लग्नाची पत्रिका, बँकेचं केवायसी, वीज बिल, असं कुठलंही सोंग घेऊन येतं. इन्स्टॉल केलं की एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि मग तुमचे ओटीपी परस्पर तिकडे जातात. कात्रजमध्ये राहून आपल्यालाच कुणीतरी कात्रजचा घाट दाखवून जावं, म्हणजे कमालच की नाही!

नवा फोन यातून वाचवतो का? खरं सांगायचं तर पूर्ण नाही. माणसाने स्वतः सगळ्याला 'होय, होय' केलं तर कुठलाच फोन वाचवणार नाही. पण फरक पडतो. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटीसारखी धोकादायक परवानगी सहजासहजी मिळत नाही, मधे एक जादा अडथळा ठेवलाय. अँड्रॉइड ९ मध्ये तो अडथळाच नाही. साठीतल्या माणसाला त्या एका अडथळ्यामुळे थांबून मुलाला फोन करायला दोन मिनिटं मिळतात. आणि ती दोन मिनिटं खूप असतात.

आपल्याकडे बहुतेक घरांत रीत कशी असते? नवा फोन पोराला किंवा पोरीला. त्याचा जुना आईला किंवा बाबांना. त्यांचा त्याहून जुना आजीला किंवा ड्रॉवरमध्ये. आई-बाबाही म्हणतात, "आम्हाला काय करायचाय नवीन, बोलायला तर लागतो." या रीतीत प्रेम आहे, काटकसर आहे, त्यात वाईट काहीच नाही. पण ती रीत फोन फक्त बोलायला लागत होता तेव्हाची आहे. यूपीआय आलं २०१६ मध्ये. त्यानंतर फोन म्हणजे पासबुक, चेकबुक आणि सही, तिन्ही एकत्र. आणि आपण सर्वांत कच्चं कुलूप नेमकं अशा माणसाच्या हातात देतो, ज्याच्या खात्यात सगळ्यात जास्त पैसे आहेत आणि ज्याला चोर सगळ्यात आधी फोन करतात.

मग आमच्या घरचा हिशोब असा झाला. माझ्या फोनला अपडेट अजून येतायत, आणखी वर्षभर तरी येतील. त्याचं दुखणं फक्त बॅटरी. बाबांच्या फोनच्या बॅटरीचा मात्र त्रास जाणवत नाही, कारण तो दिवसभर काउंटरवर चार्जरला असतो. पण त्याची तारीख कधीच उलटून गेलीये. वरून बघितलं तर माझा फोन आजारी आणि त्यांचा तंदुरुस्त. आतून उलटं.

म्हणून माझ्या फोनला नवीन बॅटरी, २,२०० रुपये. आणि नवा फोन बाबांना.

बाबा ऐकायला तयार नव्हते. "चालू आहे की हा! काय झालंय याला?" मी त्यांना पॅच वगैरे काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "बाबा, दुकानाच्या शटरला कुलूप चालू आहे म्हणून तुम्ही तेच ठेवाल का, त्याची डुप्लिकेट किल्ली बाजारात मिळायला लागली तर?" दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी विचारलं, "त्यात अक्षरं मोठी होतात का रे?"

आता पैशाचं गणित

फोनची किंमत बघू नका, महिन्याचा खर्च काढा. समजा २७,००० चा फोन दोन वर्षांनी ९,००० ला विकला, तर १८,००० भागिले २४, महिना ७५०. तोच फोन पाच वर्षं वापरला आणि शेवटी काहीच मिळालं नाही असं धरलं तरी महिना ४५०. मधे २,२०० ची बॅटरी टाकली तरी ४९० च्या आत. म्हणजे एक्स्चेंजमध्ये चांगला भाव मिळतोय म्हणून दर दोन वर्षांनी बदलणं स्वस्त पडतं, हे गणित बसत नाही.

मग येतो नो-कॉस्ट ईएमआय. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वात नसतं. आजच्या नो-कॉस्टमध्ये बँक व्याज लावतेच, दुकानदार तेवढी सूट आधी देतो. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्या खिशातून जातो. २४,००० चा फोन, बारा हप्ते दोन-दोन हजारांचे, व्याजदर १५ टक्के धरला, तर व्याज साधारण १,८४० आणि त्यावर जीएसटी साधारण ३३० रुपये. शिवाय प्रोसेसिंग फी वेगळी, आणि रोख घेतला असता तर मिळणारी सूट कधी कधी हातची जाते ती वेगळीच. रक्कम फार मोठी नाही. पण 'नो' म्हणजे नो नाही, हे माहीत असू द्या. बाय द वे, मोबाइलवर एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहेच, म्हणजे २४,००० च्या फोनमध्ये ३,६६० रुपये नुसता कर.

थांबलो तर स्वस्त होईल का, असंही विचारता तुम्ही. दरवेळी नाही. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरमुळे मेमरी चिपचे भाव चढले आणि त्याची झळ फोनलाही बसली. गरज असेल तर वर्षभर वाट बघत बसू नका. गरज नसेल तर सेल कितीही मोठा असला तरी गरज तयार होत नाही.

घ्यायचाच असेल तर

पहिली गोष्ट, कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी अपडेटची वर्षं विचारा. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ पासून सात वर्षं द्यायला सुरुवात केली, सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये एस २४ पासून. स्वस्तातल्या गॅलेक्सी ए १६ लासुद्धा सहा वर्षं जाहीर झालीत. आणि नीट ऐका, ही वर्षं साधारणपणे फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. सेलमध्ये दोन वर्षं जुनं मॉडेल 'फाडू डील' म्हणून मिळतं, तेव्हा त्यातली दोन वर्षं आधीच संपलेली असतात.

स्वारगेट-कात्रज भुयारी मेट्रोचं भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये झालं. सात वर्षं अपडेटवाला फोन घेतलात, तर त्याच फोनवर कात्रजच्या मेट्रोचं तिकीट काढायचा चान्स आहे. बघा, लागतो का नंबर!

दुसरी गोष्ट ५जीची. पुणे ऑक्टोबर २०२२ च्या पहिल्या यादीतल्या शहरांपैकी एक. पण यूपीआय, मॅप, रील, व्हिडिओ कॉल यांना चांगलं ४जी पुरतं. फक्त ५जीसाठी चालू फोन टाकू नका. रोज हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवत असाल आणि तुमच्या प्लॅनवर अनलिमिटेड ५जी मिळत असेल, तर गोष्ट वेगळी.

तिसरी, सेकंडहँड घेत असाल तर *#०६# दाबून आयएमईआय नंबर काढा. मेसेजमध्ये केवायएम, मग स्पेस, मग तो नंबर लिहून १४४२२ वर पाठवा. संचार साथी पोर्टलवरही तपासता येतं. चोरीचा फोन स्वस्त पडत नाही.

चौथी, बॅटरी बदलता येते का आणि पार्ट मिळतात का ते विचारा. युरोपने जून २०२५ पासून नियमच केलाय: बॅटरीने ८०० सायकलनंतर ८० टक्के क्षमता राखली पाहिजे, मॉडेलची विक्री थांबल्यावरही पाच वर्षं अपडेट, सात वर्षं सुटे भाग. आपल्याला हे नवीन वाटतं. पण आपल्या कात्रजच्या तलावाचं पाणी नानासाहेब पेशव्यांच्या काळात भूमिगत नळांतून शनिवारवाड्यापर्यंत जायचं, आणि त्या नळांवर जागोजागी उच्छ्वास बांधले होते, हवा खेळायला आणि आत उतरून गाळ काढायला. बांधतानाच दुरुस्तीचा विचार! मग बॅटरी गोंदाने चिकटवलेल्या फोनला आपण इतकं भारी का म्हणतो?

आणि बॅटरी तापकीर गल्लीत बदला नाहीतर अधिकृत सेंटरला, बिल घ्या, वॉरंटी लिहून घ्या. उघडलेला फोन पूर्वीइतका वॉटरप्रूफ राहीलच असं नाही, पावसाळ्यात जपा. फुगलेली बॅटरी मात्र एक दिवसही वापरायची नाही, टोचायची नाही, कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. ई-कचऱ्यातच द्यायची.

आज रात्री एवढं करा

बाबांचा जुना फोन आता दुकानात झेरॉक्सच्या ऑर्डरी घ्यायला आहे. त्यात सिम नाही, बँकेचं ॲप नाही, यूपीआय नाही, आमचं कुणाचं मुख्य गूगल अकाउंट नाही. फॅक्टरी रिसेट करून, वेगळं अकाउंट टाकून दुकानाच्या वायफायवर ठेवलाय. जुन्या फोनला असं हलकं काम द्या, खुशाल चालू द्या.

तुम्ही घरी गेलात की स्वतःच्या फोनआधी आईचा फोन घ्या, बाबांचा घ्या. ती पॅचची तारीख बघा. दोन मिनिटांचं काम आहे. तारीख जुनी असेल आणि नवा फोन आत्ता परवडत नसेल, तर निदान बँकेची कामं घरातल्या ज्या फोनला अपडेट येतायत त्याच्यावर हलवा, यूपीआयची रोजची मर्यादा कमी करा, आणि त्यांना १९३० हा नंबर सेव्ह करून द्या. फसवणूक झाली तर तिथे लगेच फोन करायचा, जितक्या लवकर तितकं बरं.

आणि मग तुमच्या स्वतःच्या फोनकडे वळा. बॅटरी, स्टोरेज, तारीख, या क्रमाने. तुमच्या घरात कुणाच्या फोनची तारीख सगळ्यात जुनी निघाली ते मला नक्की कळवा. फोन कुठला ते सांगू नका, कुणाचा ते सांगा.

चला, पंखा लावतो आता. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!